न वाचलेली नऊ पत्रं

सदर बाजारातल्या त्या पेढीत नरहरी पाठराब्यांबद्दल कुणालाही विचारलं असतं, तर एकच उत्तर मिळालं असतं: नरहरीबाबूंना सगळं पाठ असतं. कुठल्या राइस मिलला कुठल्या मापाचा पट्टा लागतो, कुठल्या मिलचा मुनीम तिरसट आहे, कुणाला पत्र हिंदीत गेलं की राग येतो, हे सगळं त्यांच्या जिभेवर. आणि हे साफ खोटं होतं. म्हणजे पूर्वी खरं होतं, अगदी शंभर टक्के. दोन वर्षांपासून खोटं होतं. आणि ते खोटं आहे हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, स्वतः नरहरीबाबूंना. त्यांनाही ते रोज सकाळी साडेदहाला नव्यानं कळायचं.

पाठराबे मूळचे वर्ध्याकडचे. वडील रेल्वेत नोकरीला म्हणून रायपूरला आले आणि ब्राह्मणपाऱ्यात राहिले ते राहिलेच. नरहरीबाबू पेढीत लागले ते इंग्रजी पत्रं टाइप करायला. पेढी धानाच्या मिलचे सुटे भाग विकायची, पट्टे, रबरी रोल, चाळण्या. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा मालकांनी, म्हणजे बाबूजींनी, सगळ्या तरुणांना सोडून यांनाच शिकायला पाठवलं. "हाथ साफ है इसका," एवढंच कारण दिलं. तेव्हापासून बावीस वर्षं पेढीचं ईमेल म्हणजे नरहरीबाबू. मागच्या खोलीत एक मशीन घरघरत असायचं, त्यात साऱ्या पेढीचं टपाल. दसऱ्याला त्या मशीनला झेंडूची माळ घालायचा मान त्यांचा. उन्हाळ्यात ते तापलं की त्याच्यासाठी कूलर आधी, मग माणसांसाठी. कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "तुले घाम पुसता येते, त्याले येत नाही."

बाबूजींचा एक जुना दंडक होता. पूर्वी पोस्टमन यायचा, तेव्हा आलेली पत्रं पितळेच्या तबकात ठेवत आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आत तबक रिकामं झालं पाहिजे. न वाचलेली चिठ्ठी घरात ठेवून झोपणं म्हणजे दारात आलेल्या माणसाला उपाशी बसवणं, असं त्यांचं मत. तबक गेलं, ईमेल आलं, दंडक तसाच राहिला. कौमुदी पेढीत लागली त्या दिवशी नरहरीबाबूंनी तिला खुर्चीवर बसवून दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. "संध्याकाळी एकही चिठ्ठी न वाचलेली राहाले नाही पाहिजे. आणि दुसऱ्याची चिठ्ठी वाचाची नाही. उघडी पडली असली, तरी नाही." कौमुदीचं वय तेव्हा तेवीस. आता तिचीच पोट्टी कॉलेजात जाते. पण त्या दोन गोष्टी तिच्या अंगात मुरल्या त्या मुरल्याच.

नरहरीबाबूंची बायको इंदू. बाई मोठी बोलकी नव्हती, पण दुपारी एक वाजता डबा संपला की नरहरीबाबू घरी फोन करायचे आणि भाजी कशी झाली ते सांगायचे. रोज. सोन्यासारखी झाली असली तरी सांगायचे आणि मीठ कमी पडलं असलं तरी सांगायचे. ती पलीकडून "बरं" म्हणायची आणि फोन ठेवायची. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, त्यात बोलणं किती झालं असेल कोण जाणे, पण हे "बरं" कधी चुकलं नाही. मग तिची किडनी गेली. आठ महिने दवाखाना झाला आणि एका सकाळी ती संपली.

तेराव्यानंतर नरहरीबाबू कामावर आले. काही दिवस नीट गेले. मग एके दुपारी त्यांनी डबा संपवला, फोन उचलला आणि म्हणाले, "इंदूले दे." फोनवर सून होती, देवश्री. "अवं, देतेस का?" तेव्हा ती रडायला लागली, आणि तिच्या रडण्यावरून नरहरीबाबूंना आठवलं. त्यांना वाटलं, दुःखात होतं माणसाचं असं. पंधरा दिवसांनी पुन्हा झालं. त्या संध्याकाळी घरी गेले, तर देवश्रीचे डोळे सुजलेले, आणि मुलगा नीलेश त्यांच्याकडे बघायचं टाळत होता. यांना तर फोन केल्याचंच आठवत नव्हतं. मोबाइलमध्ये पाहिलं तेव्हा वेळेसकट निघालं. घाबरले. खरंच घाबरले. एकटेच एका डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टरांनी चार आकडे उलटे म्हणायला सांगितले, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, आणि घरच्यांना घेऊन या म्हणाले. नरहरीबाबूंनी कुणालाच नेलं नाही. नेलं असतं तर नीलेशनं दुसऱ्याच दिवशी नोकरी सोडायला लावली असती. आणि नोकरी सुटली की घरात बसून उरलंसुरलंही जाईल, ही त्यांची धास्ती. चूक म्हणायची तर म्हणावी. त्यांच्या जागी बसल्याशिवाय काय बोलायचं?

घरी चूक होत नसे. हॉलमध्ये इंदूचा फोटो होता, हार घातलेला. ऑफिसात फोटो नव्हता. आणि कागदावर लिहून ठेवायची सोय नव्हती, कारण त्यांच्या ड्रॉवरमध्ये स्टॅपलरसाठी साऱ्या पेढीचे हात जायचे, आणि खिशातली चिठ्ठी आहे हेच त्यांच्या लक्षात राहत नसे. लक्षात राहायची एकच गोष्ट, तीही डोक्यानं नाही, हातानं. सकाळी आल्यावर, पाणी प्यायच्या आधी, हात आपोआप ईमेल उघडायचा. बावीस वर्षांची सवय ती.

म्हणून त्यांनी स्वतःलाच पत्र लिहिलं. नरहरीकडून नरहरीला. "इंदू गेली. वारली. तू दवाखान्यात होतास. जेवण झाल्यावर घरी फोन करू नको. देवश्री रडते."

वाचलं की ते पत्र बाकीच्या पत्रांत बुडून जाणार, हे त्यांना कळत होतं. म्हणून वाचून झालं की ते उजवं बटण दाबून त्याला पुन्हा "न वाचलेलं" करून ठेवायचे. पेटी न वाचलेली पत्रं आधी दाखवायची, त्यामुळे मग ते ठळक काळ्या अक्षरांत सगळ्यांच्या वर राहायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं तेच दिसायचं. हळूहळू अशी पत्रं नऊ झाली. कौमुदीच्या मुलीचं नाव सोनिया. बाबूजींना डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजवीकडे बसायचं. पाच वाजता घरी निघायचं, सराफ्याच्या वळणावरून डावीकडे, चौकातून नाही. एका पत्रात तर एवढंच होतं: "घाबरू नको. ही पत्रं तूच लिहितोस."

रोज सकाळी दहा मिनिटं. पहिलं पत्र वाचायचं आणि थोडा वेळ खिडकीकडे बघत बसायचं. मग बाकीची आठ. मग नऊच्या नऊ पुन्हा न वाचलेली करायची, आणि शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणायचं, "कौमुदी, चहा घेतला का?"

असं दोन वर्षं चाललं. पेढीचा दंडक मोडून चाललं, हेही त्यांना टोचायचं. नऊ चिठ्ठ्या रोज रात्री न वाचलेल्या राहत होत्या.

गेल्या फाल्गुनात मागच्या खोलीतलं मशीन दोनदा बंद पडलं. बाबूजींचा मुलगा सुशीलभैया तसा समजूतदार माणूस. त्यानं नरहरीबाबूंना बोलावलं. "बाबू, अब ये सब क्लाउड पे डाल देते हैं. मैं मिल में खड़ा रहता हूँ, मेल यहाँ पड़ा रहता है. कौन से सॉफ्टवेअर से शिफ्ट करना है, वो आप तय करो. नवा रायपुर से एक लड़की आएगी, सब समझा देगी."

ती अनुश्री. मराठी घरातली, समजायचं सगळं, पण उत्तर हिंदीत. तिनं लॅपटॉप उघडून समजावलं की नवीन जागा मोठ्या कंपनीची असते, तिथे पेढीच्या चौदा जणांच्या पेट्या उघडायच्या आणि जुन्या मशीनमधलं सगळं टपाल तिकडे न्यायचं. नेणारं सॉफ्टवेअर वेगळं घ्यावं लागतं. बाजारात ढीगभर आहेत. तिनं त्यातली तीन काढून आणली होती. बाकी लोक पहिलंच घेतात म्हणाली. स्वस्त आहे, एका रात्रीत काम होतं.

नरहरीबाबूंनी चष्मा पुसला. "बाई, मले एक सांग. जे पत्र न वाचलेलं आहे, ते तिकडे गेल्यावर न वाचलेलंच राहीन का?"

अनुश्रीला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. लोक विचारतात, पत्रं हरवणार तर नाहीत ना. "अंकल, वो तो... देखना पड़ेगा."

"मंग पाहू."

आणि त्यांनी पाहिलंही. त्या दिवसांत नरहरीबाबूंचं डोकं असं चाललं की तिशीतल्या माणसानं बघत राहावं. स्वतःच्या पेटीला त्यांनी हात लावू दिला नाही. चाचणीसाठी एक रिकामी पेटी तयार केली, तिच्यात दहा जुनी पत्रं टाकली, सहा वाचली, चार तशीच ठेवली, आणि वहीत लिहून घेतलं कुठली चार. मग तिन्ही सॉफ्टवेअरचे नमुने एकेक करून चालवले. पहिल्यानं दहाच्या दहा पत्रं नेली, पण सगळी वाचलेली करून टाकली. ठळक अक्षर एक नाही. दुसऱ्यानं चार न वाचलेली ठेवली खरी, पण साऱ्या पत्रांवर त्याच दिवसाची तारीख मारली. बारा वर्षांपूर्वीचं पत्रही जणू आजच आलं. तिसरं मंद होतं, किचकट होतं, महाग होतं. त्यानं तारखा जिथल्या तिथे ठेवल्या, आणि चार पत्रं, वहीत लिहिलेली तीच चार, ठळक काळी उतरली. नरहरीबाबूंनी वही आणि स्क्रीन पुन्हा एकदा ताडून पाहिली. जिवात जीव आला.

त्या दिवसांत स्वतःला लिहिलेल्या पत्रांतलं एक त्यांनी बदलून लिहिलं होतं. "सॉफ्टवेअर तिसरं. काहून ते कोणाला सांगाचं नाही."

पण सांगावं तर लागणारच होतं. सुशीलभैयानं कागद पाहिला आणि म्हणाला, "बाबू, पहले वाले में क्या बुराई है? चिट्ठी तो सब आ रही है ना?"

बाबूजी कोपऱ्यातल्या तक्क्याला टेकून बसले होते. वय पंच्याऐंशी. रोज तासभर येऊन बसायचे. नरहरीबाबू त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले. त्यांना खोटं बोलता येत नसे, आणि खरं बोलायचं नव्हतं. "भैया," ते हिंदीत म्हणाले, "जो चिट्ठी किसी ने पढ़ी नहीं, उस पर लिखा आए कि पढ़ ली, तो वो झूठ है. पेढ़ी की किताब में झूठ नहीं लिखते."

बाबूजींनी मान वर केली. मग म्हणाले, "नरहरी जो कहता है, वही लो." सुशीलभैयानं वाद घातला नाही. कागदावर सही केली.

जिन्यावरून खाली उतरताना नरहरीबाबूंचे पाय हलके झाले होते. अनुश्री मागून म्हणाली, "अंकल, आपके जैसा कोई नहीं पूछता." ते हसले. नोकरीत इतकी मोठी बाजू त्यांनी कधी लढवली नव्हती, आणि ती जिंकली होती. चहावाल्याच्या बाकावर बसून दोघांनी चहा घेतला. तिचं नाव काय, हे त्यांनी त्या पाच मिनिटांत दोनदा विचारलं. तिनं दोन्ही वेळा सांगितलं.

टपाल हलवायचा दिवस शनिवार ठरला. दुपारी अनुश्रीनं एक तक्ता काढला. प्रत्येकाच्या पेटीत पत्रं किती, न वाचलेली किती. सोमवारी नवीन पेट्यांचा असाच तक्ता काढायचा आणि दोन्ही जुळले की काम पक्कं. जुना तक्ता बाबूजींसमोर जायचा होता, कारण त्यांनी तो मुद्दाम मागितला होता. नरहरीबाबू पाच वाजता निघाले. सराफ्याच्या वळणावरून डावीकडे.

ते गेल्यावर अनुश्रीनं कागद छापला आणि कौमुदीच्या टेबलावर ठेवला. "दीदी, ये बाबूजी को दे देना."

कौमुदीनं कागद पाहिला. तेरा जणांपुढे शून्य. शनिवार संध्याकाळ, सगळ्यांनी तबक रिकामं करून ठेवलं होतं. आणि चौदावं नाव, नरहरी पाठराबे, न वाचलेली नऊ.

तिनं कागद पालथा घातला. कारण तिला ठाऊक होतं, वर काय चाललंय ते. सुशीलभैया परवाच फोनवर कुणाला तरी म्हणाला होता, बाबू को अब आराम देना चाहिए. तिनंही पाहिलं होतं, भाऊ (नरहरीबाबूंना ती भाऊच म्हणायची) एकाच मिलला एकच पत्र दोनदा पाठवायचे, आणि ती दुसरं गुपचूप थांबवायची. पेढीला दंडक शिकवणारा माणूस, आणि बाबूजींच्या हातातल्या कागदावर त्याच्याच नावापुढे नऊ? ते चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिचा जीव कळवळला. त्यांना फोन करून विचारावं का? म्हणजे तोंडावर सांगायचं, भाऊ, तुमच्यानं आता होत नाही. ते तिच्या जिभेवर येणं शक्य नव्हतं.

त्यांचा पासवर्ड तिला ठाऊक होता. सुट्टीवर गेले की तीच त्यांचं टपाल बघायची. तिनं त्यांची पेटी उघडली. नऊ ठळक ओळी. पाठवणारा नरहरी पाठराबे, घेणाराही नरहरी पाठराबे. काहीतरी चाचणीचं असेल, तिला वाटलं. एकदा उघडून बघावं असंही वाटलं. बोट तिथवर गेलंही. पण दुसऱ्याची चिठ्ठी वाचायची नाही, उघडी पडली असली तरी नाही. हे तिला ज्यांनी शिकवलं, त्यांच्याच चिठ्ठ्या होत्या त्या. एखादी चौकस बाई असती तर वाचून मोकळी झाली असती, आणि पुढचं सगळं टळलं असतं. कौमुदी तशी नव्हती. तिनं एकही पत्र न उघडता नऊच्या नऊ निवडली आणि "वाचली" असं बटण दाबलं. ठळक अक्षरं फिकी झाली आणि खाली सरकून बाकीच्या हजारोंत मिसळली.

मग अनुश्रीला म्हणाली, "एक बार फिर से निकाल दो ना कागज. भाऊ का गलत आया था."

नव्या कागदावर चौदा शून्यं. कौमुदीला केवढं बरं वाटलं. त्यानंतर सॉफ्टवेअर सुरू झालं. त्यानं आपलं काम चोख केलं. जे जसं होतं, तसं नेलं.

सोमवारी सुशीलभैयानं पेढे आणले. नरहरीबाबू साडेदहाला आले आणि पाणी प्यायच्या आधी हातानं ईमेल उघडलं. नवीन पडदा, नवीन रंग. अनुश्रीनं त्यांच्यासाठी "न वाचलेली" अशी वेगळी यादी आधीच वर लावून दिली होती, त्यांनी आग्रहानं लावून घेतली होती. त्यांनी ती दाबली. यादी रिकामी. मध्ये एक हसरं चित्र आणि खाली लिहिलेलं, सगळं वाचून झालं.

ते चित्राकडे बघत राहिले. काहीतरी होतं इथे. काय होतं ते सुचेना. हात माउसवर होता आणि बोट उजव्या बटणावर टेकलेलं, पण दाबायचं कशावर? दोन-तीनदा त्यांनी यादी बंद करून पुन्हा उघडली. कोपऱ्यातून बाबूजींनी हाक मारली. त्यांच्या हातात दोन्ही कागद होते. "नरहरी, तेरह आदमी का हिसाब बराबर, और तेरा भी. एक चिट्ठी बाकी नहीं." त्यांनी पेढा पुढे केला. नरहरीबाबू वाकून पाया पडले. सगळे बघत होते, कौमुदीही. तिला भरून आलं.

ती सकाळ फार चांगली गेली, हे सांगायलाच हवं. नरहरीबाबू खिडकीकडे बघत बसले नाहीत. अनुश्रीची थट्टा केली, दोन मिलना पत्रं धाडली, कुठलंसं जुनं गाणं गुणगुणले. कौमुदीला वाटलं, भाऊ कितीतरी दिवसांनी असे हसले. ते खरंच सुखात होते. त्या सकाळी त्यांचं कुणी गेलेलं नव्हतं.

एक वाजता डबा उघडला. भरली भेंडी. चाटून पुसून खाल्ली. मग मोबाइल उचलला.

"देवश्री का? इंदूले दे जरा."

शेजारच्या टेबलावर कौमुदीचा घास हातातच राहिला.

"काहून, कुठी गेली?" नरहरीबाबू ऐकत होते. त्यांचा आवाज मोकळा होता. "बाजारात? या उन्हात? बरं बरं. आली की मले फोन कर म्हनाव. भेंडी मस्त झाली, सांगजो तिले."

पलीकडे देवश्री या खेपेला रडली नव्हती. तिनं बाजार सांगितला होता. नरहरीबाबू डबा धुवायला मोरीकडे गेले.

कौमुदी उठली. इंदूवहिनींच्या तेराव्याला तिनं स्वतः पोळ्या लाटल्या होत्या. ती त्यांच्या खुर्चीत बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं दुसऱ्याची चिठ्ठी शोधली. नरहरीकडून नरहरीला. नऊ निघाल्या. पहिली तिनं वाचली. मग दुसरी, ज्यात तिच्या मुलीचं नाव होतं. मग ती, जिच्यात "घाबरू नको" लिहिलं होतं. पुढची तिच्यानं वाचवेना.

दोन वर्षं रोज सकाळी हा माणूस तिच्या शेजारी बसून बायको गेल्याचं वाचत होता, आणि मग तिला विचारत होता, चहा घेतला का.

मोरीतला नळ बंद झाल्याचा आवाज आला. आता काय करायचं? चिठ्ठी तशीच राहू दिली, तर भाऊ संध्याकाळपर्यंत फोनची वाट बघणार. रस्ताही चुकणार कदाचित. आणि पुन्हा ठळक केली, तर आत्ता, या दुपारी, भेंडीची चव तोंडात असताना, त्यांची इंदू मरणार, आणि ती कौमुदीच्या हातानं. बाईमाणसावर देवानं अशी वेळ आणू नये. तिनं नऊही चिठ्ठ्या निवडल्या, बटण दाबलं आणि आपल्या टेबलाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

नरहरीबाबू रुमालाला हात पुसत आले. "इंदूचा फोन आला का गं?"

"नाही, भाऊ."

ते बसले. स्क्रीनवर नऊ ठळक ओळी होत्या. त्यांनी पहिली उघडली.

इतकी छोटी चिठ्ठी, पण त्यांना वाचायला फार वेळ लागला. शेवटच्या ओळीवर आले, देवश्री रडते, आणि त्यांनी मोबाइल उचलून पाहिला. घर, एक वाजून बारा मिनिटं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खिडकीतून सदर बाजारातल्या गाड्यांचे हॉर्न येत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी फोन लावला.

"देवश्री, मी बोलून राहिलो. हव, माहीत आहे मले. आठवलं." ते थांबले. "भेंडी चांगली झाली होती, बेटा. तू केली होती ना? बरं. रडू नको. तू पण जेवून घे."

फोन ठेवला तेव्हा त्यांचं लक्ष शेजारी गेलं. कौमुदीचे खांदे हलत होते.

"काय झालं, पोट्टी? काहून रडून राहिली? सोनिया बरी आहे ना?"

"बरी आहे, भाऊ. काही नाही. माझ्या हातून एक चूक झाली."

"होते," ते म्हणाले. "दुरुस्त झाली का?"

"झाली."

"मंग झालं तर." त्यांनी आपली पाण्याची बाटली तिच्या टेबलाकडे सरकवली आणि चष्मा लावला. बाकीच्या आठ चिठ्ठ्या वाचल्या. मग नऊच्या नऊ निवडल्या, उजवं बटण दाबलं आणि पुन्हा न वाचलेल्या करून ठेवल्या, उद्या सकाळी लागतील म्हणून.